ओवीतला 'ना'

अकरावीच्या वर्गाला कवितेचे प्रकार शिकवायचा आठवडा आला, की माझे पाय जमिनीवर नसतात. एरवी माझ्या तासाला पेंगणारी मुलंही त्या आठवड्यात जागी राहतात, कारण मी टाळ्या वाजवून अक्षरं मोजते. अभंग आला की सहा, सहा, सहा, चार. पोवाडा उभ्यानं म्हणून दाखवते, मागच्या बाकांकडून 'जी जी जी' वदवून घेते. लावणी म्हटल्यावर मागं जी खुसखुस होते तिला एक सणसणीत टोमणा ठेवलेला असतो. गझल शिकवताना सांगते, की यात प्रत्येक शेर वेगळी चूल मांडून राहतो, फक्त काफिया आणि रदीफ सगळ्यांचे सारखे. आणि शेवटी मुक्तछंद. त्याचं नाव काढलं की वर्गाचा जीव भांड्यात पडतो, कारण मोजायचं काही उरत नाही. मग मी ओरडते, "मोजायचं नसतं तिथं कान जास्त लागतो."

हे वाक्य मी पंधराएक वर्षं वर्गात फेकत आले. मुलं ते वहीत उतरवून घेत आली. दोन वर्षांपूर्वी ते माझ्यावरच उलटलं, आणि त्यात एका बाईचं माहेर गेलं. माझ्यामुळे गेलं की आधीच गेलेलं होतं, यावर मी अजून स्वतःशी भांडते. पण निमित्त मी झाले, हे काही केल्या पुसता येत नाही.

मी मूळची पुण्यातली. मुळशीतल्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा काही महिने ये-जा करून पाहिली, निम्मं आयुष्य चांदणी चौकातल्या गर्दीत जाणार असं दिसलं, म्हणून भुकूमला खोली घेतली. घरमालकीण साठी ओलांडलेली. इमारतीतले सगळे त्यांना मावशी म्हणायचे, मीही म्हणायला लागले. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. जिथं पूर्वी त्यांची भाताची खाचरं होती तिथं मुलानं तीन मजले चढवले होते. खाली मावशी, वर मुलगा-सून, आणि बाकीच्या खोल्यांत हिंजवडीला जाणारी मुलं नि एक मी.

मावशी रोज सकाळी जिना स्वतः धुवायच्या. सून म्हणायची, कामाला कुणीतरी लावू. त्यावर मावशींचं ठरलेलं उत्तर, "माझा जिना हाय. मला कळतंय कुटं घाण बसती." तिसऱ्या मजल्यापासून बादली घेऊन त्या एकेक पायरी खाली यायच्या, आणि येताना गायच्या. घरातलं जातं केव्हाच अंगणात पालथं पडलं होतं; पूर्वी दळणाबरोबर यायच्या त्या ओव्या आता खराट्याबरोबर यायला लागल्या होत्या. आवाज चिरका, पण जिन्यात असा घुमायचा की मी दार किलकिलं करून चहा घेत बसायची. एखादा मुलगा बॅग लावून खाली उतरायला लागला की गाणं बंद. तो गेला की पुढची पायरी, पुढची ओळ.

आता खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मला त्या ओव्यांचा रागच यायचा. मी वर्गात शिकवते ती पोथ्यांमधली ओवी साडेतीन चरणांची. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड. मावशींची ओवी दोन ओळींची. कधी ओळ लांबायची, कधी आखडायची, आणि मधेच 'गं बाई', 'बया' आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक लांबलचक 'ना'. हा 'ना' म्हणजे दम घ्यायची जागा. ओळ संपली की 'ना' ओढायचा, तेवढ्यात खराटा पुढच्या पायरीवर.

उगवला दिस, जिना मी धुतीया ना,
रिह्याच्या शिवंची, सय मला येतीया ना.

रिहे हे त्यांचं माहेर. तिथं भाऊ होता, एकच. त्या गाडीनं निघाल्या तर तासाभरात पोचतील इतकं जवळ. पण मावशी मनाला येईल तेव्हा माहेरी जात नसत. चैत्रात गावची जत्रा आली की दोन दिवस आधी भाऊ न्यायला यायचा, तेव्हाच जायच्या. भावानं न्यायला आल्याशिवाय माहेराचा उंबरा चढायचा नाही, हा त्यांचा नेम. मी एकदा म्हटलं, "मावशी, मी सोडते की स्कूटरवरून." तर म्हणाल्या, "तुमी सोडाल, पर मग मी पावणी म्हणून जाईन का भिकारीण म्हणून?"

एका जानेवारीत मी त्यांची ओवी फोनवर टिपून घेतली. वर्गासाठी एक पुस्तिका करायची मनात होतं. कवितेची ओळख, नेहमीचे प्रकार, प्रत्येकाचा एक नमुना. बाकीचे नमुने मीच रचले, नाहीतर मुलांकडून रचून घेतले. ओवी मात्र अस्सल हवी होती. मी विचारलं, "मावशी, तुमचं गाणं भरून घेऊ का? पोरींना ऐकवते." त्या लाजल्या. "काय ऐकायचं त्यात," म्हणाल्या, पण दुसऱ्या दिवशी जरा जास्तच मोकळ्या आवाजात गायल्या. छापू का, असं मी विचारलं नाही. मुलांसाठीच तर आहे, असं मी मनात म्हटलं, आणि मनातल्या मनात परवानगीही मीच देऊन टाकली.

त्या दिवशी त्यांनी गायलेल्या ओव्यांपैकी एकीनं मला जागीच धरलं.

पौडाच्या कचेरीत, हक बहीण सोडी ना,
पायरीव उभा बंधू, नातं माझं तोडी ना.

हक्कसोड म्हणजे काय, हे मुळशीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बापाच्या जमिनीतला आपला वाटा बहिणीनं सही करून भावांना सोडून द्यायचा. भाताच्या खाचरांना फार्महाऊसवाली गिऱ्हाइकं मिळायला लागल्यापासून गावोगावच्या बहिणी तालुक्याच्या गावी, पौडला जाऊन अशा सह्या करत आल्या. आणि इथं एक बाई जिना धुता धुता ते गात होती. मी हरखून गेले. मला वाटलं, हे खरं आजचं काव्य. भाऊ पायरीवर उभा आहे, बहीण सही करतेय, आणि सही झाल्याबरोबर तो नातं तोडतोय. किती थेट, किती बोचरं. मी ते तसंच ऐकलं, कारण मला तसंच हवं होतं. सोसणारी बाई आणि कृतघ्न भाऊ, ही जोडी आमच्यासारख्या शिकलेल्या बायकांच्या फार आवडीची असते.

मग मी ओवी 'साफ' करायला बसले. पोवाड्यातले 'जी जी' आपण छापत नाही, तसे ओवीतले 'गं बाई' आणि 'ना' छापायचे नाहीत, असा मी नियम केला. 'पायरीव'चं 'पायरीवर' केलं. 'हक'चा 'हक्क' केला. प्रत्येक ओळीचा शेवटचा 'ना' खोडला. पुस्तिकेत ती अशी आली:

पौडाच्या कचेरीत हक्क बहीण सोडी
पायरीवर उभा बंधू नातं माझं तोडी.

खाली बारीक टाइपात माझी टीप होती. 'भुकूम येथील एका ज्येष्ठ गृहिणीची ओवी. भावाच्या कृतघ्नतेचा इतका निर्भीड उच्चार स्त्रीगीतांत क्वचितच सापडतो.' ही टीप मला तेव्हा फार आवडली होती. आज ती आठवली की कानाच्या पाळ्या गरम होतात.

मराठी भाषा दिनाला पुस्तिका वाटली. एक प्रत मी मावशींना नेऊन दिली. त्यांनी ती कपाळाला लावली आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवली. त्या जुन्या चौथीपर्यंत शिकलेल्या, चष्मा लावून वाचायच्या. पण ती पुस्तिका त्यांनी उघडली नाही. "तुमी छापलंय म्हंजी बराबरच असंल," म्हणाल्या.

चैत्र आला. जत्रेच्या दोन दिवस आधी मावशींनी सकाळी सकाळी जिना धुतला, न्हाल्या, आणि पिशवी भरून दारात ठेवली. पिशवीत भावजयीसाठी घेतलेलं नवं लुगडं होतं, ते त्यांनी आदल्या दिवशी मला उलगडून दाखवलं होतं. भाऊ दरवेळी नऊच्या आत यायचा. मी कॉलेजला निघाले तेव्हा त्या पायरीवर बसल्या होत्या. संध्याकाळी परत आले तेव्हाही तिथंच होत्या. सून आतून म्हणत होती, "फोन करू का मामांना?" मावशी म्हणाल्या, "केला की सकाळी. उचलत न्हाई. गाडी बिगाडली असंल." दुसऱ्या दिवशीही भाऊ आला नाही, आणि फोनही आला नाही.

त्या भावाची नात माझ्याच वर्गात होती. गोरीपान, अबोल, कायम दुसऱ्या बाकावर बसणारी. परीक्षेचे दिवस होते. पेपर गोळा करताना मी तिला सहज विचारलं, "आजोबा बरे आहेत ना? मावशी वाट बघतायत." ती घुटमळली, मग म्हणाली, "मॅडम, ते पुस्तक मीच त्यांना वाचून दाखवलं. तुम्ही आत्याआजीकडं राहता, म्हणजे ते गाणं तिचंच, म्हणून. मला वाटलं त्यांना बरं वाटेल."

"मग?"

"मग काही नाही. पुन्हा एकदा वाचायला लावलं. आणि उठून शेतावर गेले. त्या दिवसापासून घरात कुणाशी फार बोलत नाहीत."

तेव्हाही मी मनात म्हणत होते, की खरं बोललेलं झोंबलंच त्याला. माणसाचा अहंकार किती चिवट असतो पाहा. स्कूटर लावून मी तडक मावशींकडे गेले आणि सांगितलं, की तुमची ओवी त्यांनी ऐकली, बहुतेक ती लागली. मावशींना काही कळेना. "माझी ओवी कशी लागंल त्याला? त्याच्यात लागण्याजोगं काय हाय?"

देव्हाऱ्याशेजारची प्रत त्यांनी माझ्या हातात दिली. "वाचा बघू."

मी वाचली. वर्गात वाचते तशी, ठासून, यमकावर जोर देत. सोडी. तोडी.

मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "आन् ना कुटं गेला?"

"कुठला ना?"

"तोडीना. नातं माझं तोडीना. त्यो तोडत न्हाई, असं हाय त्ये."

मी फोन काढला आणि टिपलेलं गाणं लावलं. जिन्यातला तो घुमणारा आवाज. पहिल्या ओळीचा 'ना' ओढलेला, सैल, श्वासाचा. दुसऱ्या ओळीचा 'ना' तोडीला घट्ट चिकटलेला, वर उचललेला, आणि तिथं खराटासुद्धा थांबलेला. तीन महिने माझ्या फोनमध्ये ते होतं. मी दहा वेळा तरी ऐकलं असेल.

गाण्यातली भाषा जुनी असते. 'सोडी' म्हणजे सोडते, 'तोडी' म्हणजे तोडतो. त्याला 'ना' जोडला की 'तोडीना', म्हणजे तोडत नाही. हे मी सातवीच्या पोरालाही सांगू शकते. गझलेचा रदीफ शिकवताना तर मी बजावते, की शब्द तोच परत येतो पण दर ओळीत त्याचं काम बदलू शकतं. मावशींनी कुणाकडून न शिकता नेमकं तेच केलं होतं. एक 'ना' दम घ्यायला आणि दुसरा 'ना' भावाला वाचवायला. मी दोन्ही एकाच खोडरबरानं पुसले.

मावशी मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला शांतपणे समजावलं, जशी मीच त्यांची विद्यार्थिनी. "बाई, आमच्याकडं जिनं जिनं सही दिली तिचं म्हायार तुटलं. सहीला न्यायला गाडी येती, मागनं कुणी इचारत न्हाई. माझा भाऊ मातूर सही झाल्याव बी दोन जत्रा न्यायला आला. म्हणून म्या ती ओवी जोडली. बाकीच्यांचं तुटलं, माझं तुटलं न्हाई, म्हणून." त्यांनी माझ्या हातातली प्रत मिटली. "आता तुमी त्याला वंगाळ करून ठिवलंत."

जत्रा दुसऱ्या दिवशी होती. मी म्हटलं, सकाळी मी रिह्याला जाते, त्यांना सगळं सांगते, गाणं ऐकवते, ते येतील. मावशी नको म्हणाल्या नाहीत. पिशवी तशीच दारात राहिली.

सकाळी निघाले. पिरंगुटला झेरॉक्सचं दुकान उघडायची वाट पाहत थांबले आणि तिथं शुद्धिपत्र टाइप करून घेतलं. 'तोडी' च्या जागी 'तोडीना' असे वाचावे. टीप रद्द समजावी. त्याच्या साठ चिठ्ठ्या कापून घेतल्या, प्रत्येक प्रतीत एकेक चिकटवायला. त्या पर्समध्ये टाकल्यावर मला जरा धीर आला. चूक छापली होती, दुरुस्तीही छापली, असं काहीसं.

रिह्याच्या खोऱ्यात शिरलं की एका बाजूला अजून खाचरं आहेत आणि दुसऱ्या बाजूला तारेची कुंपणं, पत्र्याची फाटकं, आत झोपाळे. गावात कमानीला झेंडूच्या माळा बांधत होते, स्पीकरची तपासणी चालली होती. मावशींच्या भावाचं घर विचारत गेले. घरी कळलं, ते खाचरात आहेत. घराला लागून एकच तुकडा राहिला होता, त्याच्या पलीकडे नवीन कंपाउंडची भिंत. त्या तुकड्यात ते राबाची तयारी करत होते. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण नि पालापाचोळा पसरून भाजतात, तो राब. जत्रेच्या दिवशी गावात दुसरं कुणी शेतात नव्हतं.

सत्तरीचे, काटक, मावशींसारखंच नाक. मी ओळख सांगितली तशी ते उभे राहिले, डोक्याचं फडकं सोडून हात पुसले. मी थांबलेच नाही. बांधावर उभी राहून ओवी म्हणजे काय, गाताना लावायचे शब्द कुठले, अर्थाचे कुठले, 'ना'चे दोन प्रकार कसे, माझ्याकडून काय गळलं, सगळं एका दमात सांगितलं. एका शेतकऱ्याला त्याच्या बहिणीच्या गाण्याचं व्याकरण शिकवत होते मी, आणि तेही चुकीबद्दल माफी मागायला जाऊन.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हाय का तुमच्याकडं गाणं?"

मी लावलं. ते फोनकडे न बघता जमिनीकडे बघत होते. संपल्यावर म्हणाले, "पुन्ना लावा."

दुसऱ्यांदा संपलं. मी म्हटलं, "ऐकलंत ना मामा? तोडीना म्हणतायत त्या. तुमच्याबद्दल त्यांनी चांगलंच गायलं होतं. चूक माझी."

"पोरीनं वाचलं तवाच वळखलं," ते म्हणाले. "आमची आय असंच गायची. तितं ना असणार, ह्ये मला न कळाय काय झालं."

मी विचारलं, "मग राग कशाचा?"

"राग कुटला." ते बांधावर बसले. बराच वेळ पायाजवळचा पाला इकडचा तिकडं करत राहिले. "ना काडल्याव जे उरलं, त्येच खरं हाय, बाई. तिला म्या म्हणलं हुतं, इकायचं न्हाई, नुसता कागूद साफ करायचाय, तवा सही दे. आन् सौदा आदीच ठरलेला. म्हणून तर पायरीव उभा ऱ्हायलो. आत तिच्याम्होरं बसवंना."

पलीकडच्या कंपाउंडच्या आत कुणीतरी पाइपनं लॉनला पाणी मारत होतं, ते दोघांनाही ऐकू येत होतं.

"पण नंतर दोन जत्रा तुम्ही न्यायला गेलात."

"गेलो. ती काय बोलत न्हवती, तवा वाटलं तिला ठावं न्हाई. आता छापल्यालं ऐकलं, पायरीव उभा बंधू म्हणून, आन् वाटलं, हिला समदं ठावं हाय. तुमच्या चुकीनं छापलं असंल. पर मला आता तिच्या दारात गाडी लावता यायची न्हाई."

मला संताप आला. मी म्हटलं, "मामा, त्या परवापासून पिशवी भरून पायरीवर बसल्यात. तुम्हाला लाज वाटते म्हणून त्यांनी माहेर सोडायचं का? चला माझ्याबरोबर आत्ता." माझा आवाज चढला होता. माणसांना वर्गातल्यासारखं उभं करून उत्तर घेता येतं, असं मला अजून वाटत होतं.

ते उठले नाहीत. "तिला ह्येच्यातलं काय सांगू नका," म्हणाले. "रागावलाय म्हणून सांगा. राग सोसंल ती." आणि फडकं डोक्याला गुंडाळून परत पाला पसरायला लागले.

परतीच्या रस्त्यावर मी किती वेळा काय काय ठरवलं, ते सांगण्यात अर्थ नाही. घोटावड्याच्या फाट्यापर्यंत मी मावशींना खरं सांगणार होते, कारण त्यांचं आहे ते त्यांना कळायला हवं. पिरंगुट ओलांडल्यावर वाटलं, मी कोण? आधीच एकदा त्यांच्या तोंडचं काढून घेतलं आहे, आता त्या ज्यावर उभ्या आहेत तेही काढून घेऊ? भुकूमला पोचेपर्यंत खोटं बोलायचं पक्कं झालं. सगळा दोष माझ्या अंगावर घ्यायचा. त्यात माझं काही जाणार नव्हतं, आणि थोडंफार तर ते खरंही होतं.

मावशी पायरीवर होत्या. मी स्कूटर लावली. त्यांनी विचारलं, "भेटला?"

"भेटले."

"काय म्हणला?"

"रागावलेत. माझ्यावर. मी तसं छापलं म्हणून. आज येणार नाहीत."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी पर्स उघडून शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या काढायला लागले, हाताला काहीतरी काम हवं होतं म्हणून.

"त्यो रागावत न्हाई, बाई," मावशी म्हणाल्या. "ल्हानपणापासनं त्याला राग म्हणून येत न्हाई. लाज वाटली का लपतो. भाताच्या कणगीमागं जाऊन बसायचा."

मी चिठ्ठ्या मोजत राहिले. त्यांना तेवढं पुरलं.

"सौदा झाल्याला मला त्याच दिशी कळलं हुतं," त्या म्हणाल्या. "कचेरीत समदे आत आले, ह्यो एकटा पायरीव. तितंच कळलं. पर तवर पेन हातात दिल्यालं."

"मग सही का केलीत मावशी?"

"जमीन जाऊ दे, वाट ऱ्हाऊ दे म्हणलं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "त्यो ना माझा हुता. म्या घातल्याला. त्याचा न्हवताच कदी."

मी त्यांना एक चिठ्ठी दाखवली. म्हटलं, "मावशी, मी हे सगळ्या पुस्तकांत चिकटवणार आहे. एकूण एक." त्यांनी चिठ्ठी घेतली, हात लांब करून धरली, आणि अक्षर अक्षर लावत वाचली. तो, डी, ना. मग घडी घालून माझ्या हातात परत दिली.

"नगा चिकटवू," म्हणाल्या. "छापलंय त्येच असू द्या आता."

पिशवी उचलून त्या आत गेल्या. आतून सुनेला सांगताना त्यांचा आवाज आला, "भात माझाबी टाक. मी घरीच हाय."